आवाजाला न भिणारी

धाकट्या लेकाच्या खोलीला आतून कडी लागली की मला खालच्या मजल्यावर श्वास पुरत नाही. डॉक्टरला हे सांगितलं तर म्हणाला, बीपी तपासून घ्या. मी म्हटलं, बीपी माझं नाही, घराचं वाढलंय, पट्टा कुठे बांधतोस?

आमचा पत्र्याचा कारखाना. खाली काम, वर राहणं. पेट्या, पिंपं, धुराडी, पन्हाळी, सांगाल ते पत्र्यात करून मिळेल. मालक गेल्यापासून सगळं मी बघते. शाळा मी पाहिली ती कुंपणाच्या बाहेरून, पण पत्र्याला नुसता अंगठा लावून जाडी सांगते आणि माणसाला नुसता डोळा लावून. थोरला कापतो, धाकटा जोडतो. म्हणजे जोडायचा. त्याची बायको गेली आणि त्याने हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच.

साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली होती पोरगी. ताप डोक्यात चढला आणि बघता बघता ती तिथल्या खाटेवर नुसती पडून राहिली. हा उशाशी बसून तिला हाका मारायचा. शेवटच्या दुपारी तर इतक्या मोठ्याने की नर्स येऊन दटावून गेली. तिने डोळे उघडले नाहीत. घरी आल्यावर तो वर गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. रागावले, गोंजारलं, शिव्या घातल्या, खोटंही बोलले. "धाव रे, थोरल्याचं बोट कापलं!" असं ओरडले एकदा. धावत आला बिचारा. भावाची दहाच्या दहा बोटं धड बघितली, माझ्याकडे बघितलं आणि परत वर गेला. त्यानंतर माझ्या हाकेला ओ देणं बंद. ताट जसं वर जायचं तसं खाली यायचं. पालथ्या घड्यावर पाणी घालतात ते कशाला म्हणतात, ते मला त्या जिन्यावर कळलं. पत्र्याचे सांधे झाळायला तेजाब लागतं, म्हणजे अ‍ॅसिड, त्याची बाटली मी कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. का, ते घरात कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

शेवटी डॉक्टरच म्हणाला, "त्याच्यावर अवलंबून असेल असं काहीतरी त्याला द्या. त्याची गरज लागेल असं."

"मी नाही का? मला त्याची गरज नाही?"

"आजी, तुम्हाला कोणाची गरज आहे असं तुमच्याकडे बघून कोणाला वाटतं का?"

असला शहाणा. पण घरी येईपर्यंत ते शब्द कुसळासारखे टोचत राहिले. थोरल्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्रं आणू या. आमच्या माहेरी होतं."

"तुमच्या माहेरी काय नव्हतं? एक वळण तेवढं राहून गेलं."

"ते इथं शिकले ना, आई. म्हणून तर कुत्र्याची आठवण आली."

कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. पण पोरगी खोटं बोलत नाही, म्हणून मी तिला सहन करते आणि ती मला.

बेवारस कुत्र्यांचं आश्रयघर गावाच्या टोकाला होतं. फिनेलचा वास आणि पिंजऱ्यांच्या रांगा. आम्ही फाटकातून आत शिरलो तशी सगळी एकदम भुंकायला लागली. कानावर हात ठेवूनच पुढे गेलो. तिथली बाई सडपातळ, हातावर ओरखडेच ओरखडे. मी तिला सांगितलं, "म्हातारं कुत्रं द्या. एका जागी बसणारं. दात नसले तरी चालेल."

"कोणासाठी हवंय?"

"मुलासाठी. तो बसून असतो, हे शेजारी बसेल."

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. एवढ्यात माझ्या हातातली पिशवी कोणीतरी हिसकली. मागे वळते तर पिंजऱ्याच्या गजातून एक लांब पांढरं तोंड बाहेर आलेलं, आणि माझ्या पिशवीचा बंद त्या तोंडात. मी ओढते, तर ती जास्त ओढते. शेपूट अशी हलतेय की मागचं अर्धं अंग जमिनीवर टिकत नाही. पांढरी शुभ्र, एक डोळा तपकिरी, एक निळा. ना पिल्लू ना मोठी, मधल्या वयातली, नुसते पाय आणि उचापती.

"सोड, सटवे!" मी म्हटलं. तिने बंद सोडला आणि माझी चप्पल धरली.

"आई," सून म्हणाली, "ही भावजींना पडू देणार नाही."

मी हो म्हणायच्या आतच बाईने विचारलं, घरी काय आहे. पत्र्याचा कारखाना म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "नाही देता येणार. कुत्र्यांचे कान फार नाजूक असतात. हातोड्यांच्या आवाजाने बिथरतात, कोपऱ्यात शिरून थरथरतात, पळून जातात. मी तिला जाणून बुजून त्रासात नाही ढकलणार."

"बघा तरी एकदा. आणून बघा."

"आजी, उगाच…"

"बाई," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "मी कोणाकडे काही मागत नाही. मागायची सवय नाही मला, म्हणून नीट जमत नसेल. पण माझं पोर वर पडलंय आणि मला त्याला खाली आणायचंय. एकदा आणून बघा."

सून दुसरीकडे बघायला लागली. बाईने खिशातून रुमाल काढून मला दिला. मी तो घेतला नाही.

बाई शब्दाला जागली. दुसऱ्याच दिवशी कुत्रीला घेऊन आली. मी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, हळू ठोका. पण बाईच म्हणाली, "नाही, रोजच्यासारखं चालू द्या." मग थोरल्याने आणि कामगारांनी पिंपाचे पोचे काढायला घेतले. ज्याने तो आवाज ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. दाढा हलतात. नवा माणूस दारातूनच मागे फिरतो. बाईने दोन्ही कान दाबले. आणि ही पांढरी महामाया त्या सगळ्याच्या मधोमध शेपूट हलवत फिरतेय. पिंपात डोकं घालून बघते, पत्र्याच्या कातरणाला पंजा मारते, थोरल्याची लाकडी मोगरी तोंडात धरून पळते. हातोडा तिच्या कानाशी पडला तरी अंगावरचा केस हलला नाही.

"असं कुत्रं मी आयुष्यात पाहिलं नाही," बाई म्हणाली. "आमच्याकडेही बाकीची भुंकतात तेव्हा ही निवांत असते. भीती कशाशी खातात तिला माहीतच नाही."

"आमच्याच घराण्यातली आहे," मी म्हटलं. छाती फुगली होती माझी.

आमच्या कारखान्यात तोंडाने बोलायची सोय नाही. हातोडे पडायला लागले की सगळं हातानेच. तळवा छातीकडे ओढला की ये. पंजा उभा धरला की थांब. बोट खाली केलं की ठेव. कामाला नवीन माणूस आला की त्याला हे शिकायला महिना जातो. उंडगीने सगळं चुटकीसरशी उचललं. उंडगी हे नाव मीच ठेवलं, दुसरं शोभलंच नसतं. ये म्हटलं की येते, थांब म्हटलं की थांबते, नजर नुसती आमच्या हातांवर. थोरला कामगारांना म्हणायचा, "बघा, कुत्री शिकली, तुम्ही कधी शिकणार?" आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. केवढं कौतुक!

वर धाकट्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलंही नाही. तिने त्याचं पांघरूण ओढलं. त्याने परत घेतलं. तिने परत ओढलं. मी दाराआड उभी. शेवटी पांघरूण जिन्यावरून घरंगळत खाली आलं, पाठोपाठ ती, आणि तिच्या पाठोपाठ कितीतरी दिवसांनी माझं पोर, अनवाणी, दाढी वाढलेलं. मी पटकन पिंपामागे वाकले. त्याने मला रडताना पाहिलं असतं तर परत गेला असता.

मग ती त्याच्या ताटातला पाव पळवायला लागली. तो ताटावर हात धरायला लागला. ज्याला ताट राखायचं असतं तो थोडंफार खातोच. बोलत मात्र नव्हता. तिच्याशीही नाही. खाटेवर हात आपटायचा की ती उडी मारून वर. एके दिवशी तो खाली येऊन आपल्या जागेवर बसला आणि त्याने रिव्हेट मारायला घेतले. वाकडे मारले सगळे. थोरल्याने नंतर गुपचूप काढून परत मारले. मी देवाचं नाव घेतलं नाही. दृष्ट लागेल म्हणून आशेचंसुद्धा नाव घेतलं नाही. किल्ली मात्र गळ्यातच ठेवली.

सुट्टीचा दिवस होता. कारखाना बंद, गल्ली शांत. धाकटा खाली आला, उंडगीच्या गळ्यात पट्टा घातला आणि मला म्हणाला, "जरा फिरवून आणतो." तीन शब्द. मी नुसती मान हलवली, जसं काही रोजचंच आहे. तो कोपऱ्यावर वळला तशी मी सुनेला मिठी मारली. ती म्हणाली, "आई, हाडं मोडतील, माझी."

तो परतला तेव्हा हातात रिकामा पट्टा होता.

"सुटली," तो म्हणाला. "एक कागद उडत होता, त्याच्यामागे. मी हाका मारल्या." त्याचा घसा बसला होता. "सगळा रस्ता बघत होता इतक्या मोठ्याने हाका मारल्या. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आई. एकदासुद्धा नाही. कोपऱ्यावरून गेली."

"मिळेल रे. जाते कुठे? आत्ता…"

"मी हाक मारली की कोणी वळत नाही."

एवढंच म्हणाला तो. अगदी सरळ, भाव सांगावा तसं. पट्टा कामाच्या फळीवर ठेवला, वर गेला आणि कडी लावली.

थोरला आणि सून चपला न घालताच बाहेर पळाले. मी जिना कशी चढले मला आठवत नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. दाराला कान लावला. आतून खाटेचा आवाजसुद्धा नाही. मी त्या खोलीत काय काय आहे ते आठवत राहिले. खिडकी. खिडकीला गज आहेत. चादर. आरसा. दाढीचं सामान. मालकांचा जुना पट्टा. माझ्या घरातल्या एकेका वस्तूचा मला धाक वाटायला लागला. मी दाराच्या फटीतून बोलत राहिले. काय बोलले? जे तोंडाला येईल ते. हवामान. पिंपांची ऑर्डर. लहानपणी तो पेटीत लपून झोपला होता ते. मध्येच गप्प व्हायचे, त्याच्या श्वासाचा आवाज येतो का बघायला. माझ्याच छातीचा ठोका ऐकू यायचा.

"ओ दे रे," मी म्हटलं. "शिवी दे, पण ओ दे."

मी पुन्हा फटीला कान लावला.

थोरला परत आला, हात हलवत. "बाजारापर्यंत बघितलं. नाही." आणि दाराकडे बघून म्हणाला, "मोडू का?" मी पंजा उभा केला. थांब. दार मोडलं की तो आत अजून आत जाईल, असं मला वाटलं. मोडलं नाही तर काय, याचा विचार करायची छाती नव्हती.

तेवढ्यात खालून सुनेचा आवाज आला. मी जिन्यावरून बघितलं तर ती दोन्ही हातांनी उंडगीला कवटाळून उभी, मनगटातून रक्त ठिबकतंय आणि चेहरा पांढराफटक.

"चावली?"

"चुकून. मी मागून धरली म्हणून दचकली." ती खालीच बसली. "आई, ट्रक मागे येत होता. हॉर्न मारतोय, मारतोय, माणसं ओरडतायत, मी ओरडतेय. ही ट्रकच्या मागच्या चाकापुढे बसून कागद फाडत होती. पाठ करून. चाक इतकं जवळ आलं आणि हिने कान हलवला नाही, आई. हिला ऐकूच येत नाही. बहिरी आहे ही."

थोरला खाली उतरला, हातोडा उचलला आणि उंडगीच्या मागे ऐरणीवर घातला. मी दचकले. उंडगी कामाच्या फळीखालचा भुसा हुंगत होती. कानाचं टोकसुद्धा हललं नाही.

हातोड्याला भीत नाही म्हणून आम्ही मिरवली तिला. खुणा पटकन शिकते म्हणून डोक्यावर घेऊन नाचलो. दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्या संध्याकाळी कळलं असतं. आमच्याकडे नाही कळलं, कारण खाली कारखान्यात आम्ही कोणी कोणाला हाक मारतच नाही. आणि वर जो होता तो तोंड उघडत नव्हता.

मी दाराशी गेले. "ऐक. उंडगी मिळाली."

मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"ती बहिरी आहे. तिला ऐकूच आलं नाही तू हाक मारलेली. ऐकू येत नाही तिला, म्हणून वळली नाही."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. तो जिवंत आहे एवढंच मला आधी कळलं, शब्द नंतर कळले.

"खोटं बोलतेस. थोरल्याचं बोट कापलं होतं तसं."

"आईशपथ नाही रे!"

"मेली असेल ती. दुसरंच काहीतरी सांगतेस. जा तू."

माझी जीभ अख्ख्या गल्लीत गाजलेली. त्या वेळी तिच्यावर एक शब्द आला नाही. मी हजारदा खरं सांगितलं असतं तरी ते माझ्याच तोंडातून येणार होतं.

मी थोरल्याला खूण केली. पत्रा आण. सर्वात मोठा. त्याने न विचारता आणला आणि जिन्याच्या माथ्यावर, दारासमोर, हातात उंच धरला. सुनेने उंडगीला वर आणून माझ्या पायाशी सोडलं आणि हातावरचं फडकं दातांनी आवळलं. मी हातोडा घेतला. किती वर्षांत उचलला नव्हता. आणि घातला.

घर हादरलं. मी घालतच राहिले. समोरच्या खिडक्या उघडल्या, कोणीतरी ओरडलं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा का, लाज नाही का. मी मनात म्हटलं, नाही. खांद्यातून कळ निघून डोळ्यांत आली. थोरल्याने पत्रा खाली केला नाही. दार बंदच. मी घालत राहिले. माझा हात उतरला असता तर मी डोकं आपटलं असतं त्या पत्र्यावर, पण थांबले नसते.

"बंद करा!" आतून तो किंचाळला. "वेडी झालीस का? खरंच ती तिथं असेल तर तिचे कान फुटतील! बंद कर!"

मी आणखी जोरात घातला.

कडी निघाली. तो हात पुढे करून आला, माझा हातोडा धरायला, आणि खाली बघून तिथंच थिजला. उंडगी आमच्याकडे पाठ करून, पुढचे पंजे पसरून, माझी चप्पल कुरतडत होती. मी त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा हातोडा घातला. तिने चप्पल बदलून दुसऱ्या दाढेखाली घेतली.

मी थांबले. कानात नुसतं घूं घूं उरलं.

तो गुडघ्यांवर बसला. तिच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग पुन्हा, जवळून. मग तिचं नाव घेतलं, हळू, फुटक्या घशाने. ती चप्पल खातच होती.

"वहिनी, तुम्हाला चावली?" तो म्हणाला. नजर कुत्रीवरच.

"नाही हो, भावजी. मेंदी काढली," सून म्हणाली आणि रडायला लागली. थोरल्याने तिला इंजेक्शनला नेलं. जाताना त्याने पत्रा भिंतीला टेकवला, अगदी अलगद, आवाज न करता.

आम्ही दोघंच उरलो. तो उंबऱ्यात बसला, मी जिन्याच्या वरच्या पायरीवर.

"आई," तो म्हणाला, "मग तिलाही ऐकू आलं नसेल? दवाखान्यात?"

कोणाविषयी ते मला विचारावं लागलं नाही. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं! नसेल रे बाळा, मुळीच नसेल आलं, आलं असतं तर उठून बसली असती. जिभेच्या टोकावर होतं सगळं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, आता ही काय गोड बोलते ते ऐकायला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा चुरगळला. तो मोठ्याने रडायला लागला, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. ती गेल्यापासून तो रडला नव्हता. दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही. मला उठून त्याला कुशीत घ्यायचं होतं. मी गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरून बसून राहिले.

तो रडत होता आणि कुत्री त्याच्या पुढ्यात चप्पल चघळत होती. तिला काय ठाऊक? पार कडेची शिवण उसवेपर्यंत ती चघळत होती. मग कशासाठी तरी तिने मान वळवली आणि त्याचा चेहरा पाहिला. चप्पल टाकली. उठून त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही पंजे त्याच्या खांद्यांवर ठेवून तोंड चाटायला लागली, हनुवटी, नाक, डोळे. तो मागे कलंडला, तिच्यासकट, खोलीच्या आत. दार उघडंच राहिलं.

मी पायरीवरून हलले नाही.